आधी तोल, मग लूप: कॅनार्ड मॉडेल बनवून उडवण्याची सविस्तर कृती

हवाई दलाच्या प्रात्यक्षिकात सुखोई-३० एमकेआय पाहिलेल्या पोरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: मुख्य पंखाच्या पुढे छोटे पंख लावले की विमान कसरतींना मोकळं. त्या छोट्या पंखांना कॅनार्ड म्हणतात. मग कॉलेजच्या प्रोजेक्टला किंवा हौस म्हणून तसं मॉडेल बनतं आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेकीत नाक वर करून शेपटीवर येतं. दोष पोरांचा नाही. सुखोईचे कॅनार्ड संगणक क्षणाक्षणाला हलवत असतो, शिवाय तिथे इंजिनाचा झोतही वळवता येतो. घरी बनवायच्या कॅनार्डची जातच वेगळी आहे.

ही जात लोकप्रिय केली अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी. १९७५ मध्ये त्यांचं व्हॅरीईझी उडालं, १९७९ मध्ये लाँग-ईझी. फोमचे गाभे गरम तारेने कापायचे, त्यावर फायबर ग्लासचं कापड आणि इपॉक्सी चढवायचं, पंखा मागे, पायलट पुढे. उद्देश दोन होते: थोड्या इंधनात लांब जाणं, आणि वेग कमी झाला तरी विमान अचानक कोसळू न देणं. याच घराण्यातलं व्हॉयेजर १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. या सगळ्यात लूप (हवेत उभं वर्तुळ मारणं) आणि रोल (लांबीच्या अक्षाभोवती पूर्ण गिरकी) हा मुख्य हेतू कधीच नव्हता. कसरती करता येतात, पण कॅनार्डच्या अटींवर.

खऱ्या आकाराचं विमान घरी बनवणं आपल्याकडे अशक्य नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधून दाखवलं. ते कॅनार्ड नव्हतं, पण नोंदणी आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी किती वर्षं लागतात हे त्यांच्या वाटचालीवरून सगळ्यांना कळलं. म्हणून हा लेख एक मीटर पंखाच्या रेडिओ कंट्रोल मॉडेलचा आहे. भौतिकशास्त्र तेच, आणि आपटलं तर फोमच तुटतो. साधं हाय-विंग ट्रेनर मॉडेल एकट्याने उडवता आणि उतरवता येत असेल तरच हे हाती घ्या. उडवायला शिकण्यासाठी कॅनार्ड हे चांगलं विमान नाही.

पुढचा पंख आधी स्टॉल व्हायला हवा

नेहमीच्या विमानात वजन पंख उचलतो आणि शेपूट बहुधा थोडं खाली दाबते. कॅनार्डमध्ये दोन्ही पंख उचलतात. दोघांनी काठीला ओझं लटकवून खांद्यावर न्यावं, तसं. ओझं ज्याच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त.

आता पंखाचा हवेशी असलेला कोन वाढत गेला की एका मर्यादेनंतर उचल कोसळते, म्हणजे स्टॉल होतो. कॅनार्डमध्ये पुढचा छोटा पंख आधी स्टॉल झाला तर नाक आपोआप खाली येतं, वेग वाढतो, पुढचा पंख पुन्हा धरतो. विमान नुसतं मान हलवतं, पडत नाही. पण मुख्य पंख आधी स्टॉल झाला तर मागचा भाग बसतो, नाक वर राहतं आणि विमान सपाट, पानासारखं खाली येतं. याला डीप स्टॉल म्हणतात आणि यातून बाहेर पडणं फार अवघड. व्हेलॉसिटी या घरगुती विमानाच्या सुरुवातीच्या काळात असे प्रसंग घडले आणि पंखात बदल करावे लागले.

कोणता पंख आधी स्टॉल होणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, कुठे आहे. खाली जे काही येईल, वेग, लूप, लँडिंग, ते सगळं या बिंदूला बांधलेलं आहे.

मापं

हौशी माणसाला पहिल्यांदाच लाँग-ईझीसारखा मागे झुकलेला पंख आणि टोकाला विंगलेट (उभे छोटे पंख) हवे असतात. पहिल्या मॉडेलला सरळ पंख घ्या, कारण त्याचा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो.

मुख्य पंख १००० मिमी लांब, २०० मिमी रुंद. कॅनार्ड ४०० मिमी लांब, १०० मिमी रुंद. म्हणजे क्षेत्रफळ २००० आणि ४०० चौरस सेमी. प्रत्येक पंखाची उचल पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक चतुर्थांशावर लागते असं धरतात. या दोन रेषांमधलं अंतर ५०० मिमी ठेवा. उभ्या पट्ट्या, म्हणजे फिन, मुख्य पंखाच्या दोन्ही टोकांना, मागच्या कडेला लागून. प्रत्येकी १४ सेमी उंच, १० सेमी रुंद. त्या लहान करू नका. कॅनार्डमध्ये सीजीपासून फिनपर्यंतचं अंतर कमी असतं आणि पुढे लांब नाक वाऱ्यात असतं, त्यामुळे फिनला जादा क्षेत्रफळ लागतं. दिसायला बेढब वाटल्या तरी चालेल.

आता तोलाचा हिशोब. दोन्ही पंखांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात पाहिलं तर एकत्रित उचलीचा बिंदू मुख्य पंखाच्या चतुर्थांश रेषेच्या पुढे ५०० × ४०० ÷ २४०० म्हणजे ८३ मिमीवर येतो. सीजी या बिंदूच्या पुढे असायलाच हवा. पंखाच्या रुंदीच्या १५ ते २० टक्के पुढे ठेवला की विमान स्थिर राहतं. म्हणजे चतुर्थांश रेषेपासून ११३ ते १२३ मिमी पुढे. आपण १२० धरू. पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर ७० मिमी पुढे, जिथे पंख नाहीच, नुसती बॉडी आहे.

१२० मिमीवर सीजी असेल तर कॅनार्डवर १२० ÷ ५००, म्हणजे २४ टक्के वजन येतं. पण त्याचं क्षेत्रफळ एकूणाच्या जेमतेम १७ टक्के. दर चौरस सेंटिमीटरला कॅनार्ड मुख्य पंखापेक्षा दीडपटीहून जास्त ओझं वाहतो. म्हणूनच तो आधी स्टॉल होतो.

साहित्य

फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा असतो. हातात घेऊन बघा, जड लागला तर परत ठेवा. त्याचं विमान दीड किलोच्या घरात जाईल. ५ किंवा ६ मिमी डेप्रॉन (हलक्या फोमचं शीट) किंवा कागद चिकटवलेला हलका फोमबोर्ड लागतो. मराठवाड्यात हा सहज मिळत नाही, पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि कुरिअरमध्ये कोपरे मोडून येतात, तेव्हा एक शीट जादा मागवा.

पंखात आडवी ६ मिमीची कार्बन नळी, पूर्ण लांबीची. कॅनार्डला ३ मिमीचा रॉड पुरतो. पंखाला गोलाई देण्याच्या भानगडीत न पडता वरच्या बाजूला पुढच्या अर्ध्या रुंदीवर फोमची दुसरी पट्टी चिकटवा. पुढची कड सँडपेपरने गोल करा. ही पायरीची रचना कमी वेगात चांगली चालते.

मोटर २२१२ आकाराची, २२०० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ६×४ इंची प्रॉप (पंखा), ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), तीन सेलची १३०० एमएएच लिपो बॅटरी, ९ ग्रॅमचे तीन सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). मोठा प्रॉप आणि कमी केव्हीची मोटर जमिनीवर जोर जास्त दाखवते, पण वेग धरत नाही. शिवाय मागे मोठा प्रॉप लँडिंगला ढेकळात अडकतो. सगळं मिळून वजन ६०० ग्रॅमच्या आसपास ठेवा.

जोडताना चुकणाऱ्या जागा

कापणं-चिकटवणं कोणत्याही फोमच्या विमानासारखंच आहे. चुका होतात त्या चार जागी.

पहिली, कॅनार्डचा कोन. मुख्य पंख शून्यावर धरला तर कॅनार्ड २ अंश वर असावा. १०० मिमी रुंदीला २ अंश म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा साडेतीन मिमी उंच. डोळ्याने हे जमत नाही. बॉडी टेबलावर पंख समतल करून टेकवा, कॅनार्डच्या दोन्ही कडांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा, दोन्ही टोकांना मोजा, आणि मगच हॉट ग्लू सोडा. एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्याला पाच निघालं तर विमान आयुष्यभर एका बाजूला वळत राहील.

दुसरी, एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीची, दिशा. कॅनार्डच्या मागच्या ३० मिमीचा एलेव्हेटर करा. नेहमीच्या विमानात नाक वर करायला एलेव्हेटर वर जातो. इथे तो खाली गेला पाहिजे. रिमोटची स्टिक मागे ओढली की पट्टी खाली. सवयीने इतर विमानांसारखं सेट करून उडवलेली कॅनार्ड थेट जमिनीत जातात, आणि जमिनीवर तपासताना चार मित्रांपैकी एकाच्याही लक्षात येत नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांना उलटंच बरोबर दिसतं. नाकावर स्केचपेनने बाण काढून ठेवा: ओढलं, खाली. सुरुवातीला हालचाल दोन्ही बाजूंना ८ मिमी, एक्स्पो (मध्याजवळ स्टिक सौम्य करणारी रिमोटची सेटिंग) ३० टक्के. एलेरॉन, म्हणजे विमान बाजूला कलवणाऱ्या पट्ट्या, मुख्य पंखाच्या बाहेरच्या अर्ध्यात, ४० मिमी रुंद, हालचाल १० मिमी.

तिसरी, प्रॉपची बाजू. प्रॉपवरची अक्षरं विमान ज्या दिशेला जाणार त्या दिशेला, म्हणजे पुढे, मोटरकडे यायला हवीत. हवा पुढे फेकली जात असेल तर मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा. अक्षरं उलटी ठेवून नुसती दिशा बदलली तरी मोटर फिरते आणि थोडा जोरही लागतो, त्यामुळे ही चूक लपून राहते.

चौथी, बॅटरीची जागा. मोटर मागे असल्याने बॅटरी पुढे जाते. नाकापासून मागे बरीच लांब खाच ठेवा म्हणजे बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधता येईल. शिसं भरायची वेळ येऊ नये. बॅटरीला वेल्क्रो आणि वरून पट्टा, दोन्ही. लूपमध्ये ती दोन सेंटिमीटर मागे सरकली तरी वरचा सगळा हिशोब बिघडतो.

दोन वजनकाट्यांवर तोल

दोन बोटांवर पंख धरून तोल बघायची सवय इथे उपयोगी नाही, कारण सीजीच्या जागी पंखच नाही. स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे घ्या. एकावर कॅनार्डच्या चतुर्थांश रेषेखाली पेन्सिलचा आधार, दुसऱ्यावर मुख्य पंखाच्या चतुर्थांश रेषेखाली तसाच. विमान समतल ठेवा, बॅटरी आत, प्रॉप लावलेला.

एकूण ६०० ग्रॅम असेल तर पुढच्या काट्यावर १४४ ग्रॅम दिसायला हवेत, मागच्यावर ४५६. पुढे १३५ ते १५० च्या मध्ये असेल तर उडवा. १७० झालं तर विमान उडेल, पण उतरताना वेग जास्त लागेल आणि नाक लवकर मान टाकेल. १२० ला सरळ थांबा. १०० ग्रॅम म्हणजे तोल नेमका उचलीच्या बिंदूवर आला, आणि तिथे विमान कोणत्याही धक्क्यानंतर पूर्ववत होत नाही. वजन वेगळं असेल तर हीच टक्केवारी लावा: २४ टक्के पुढे.

लाँग-ईझीचे फोटो पाहिलेत तर ते उभं असताना नाक जमिनीला टेकवून, जणू वाकून बसलेलं दिसतं. कारण हेच. पुढे बसणारा पायलट उतरला की तोल मागे जातो आणि विमान मागे उलटू शकतं, म्हणून पुढचं चाक आत घेऊन ठेवतात.

कसरतींचा विचार असेल तर पंखाची ताकदही टेबलावरच तपासा. विमान उलटं करून बॉडीखाली आधार द्या आणि पंखाच्या खालच्या बाजूवर ज्वारीच्या अर्ध्या किलोच्या सहा पुड्या सारख्या अंतरावर ठेवा. कॅनार्डवर एक किलो. एवढा भार साधारण ६ जीपर्यंतच्या (म्हणजे वजनाच्या सहापट ओझ्याच्या) वळणात येतो. एक मिनिट थांबून पंखाच्या मुळाशी, आता खाली तोंड करून असलेल्या पृष्ठभागावर, सुरकुती पडली का ते बोट फिरवून बघा. सुरकुती म्हणजे तिथे फोम दबला. नळी बदला किंवा दुसरी टाका. पुड्या ठेवताना पंख मोडला तर हळहळू नका, तो हवेत मोडणार होता.

जागा, हंगाम, नियम

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या पट्ट्यात (सरकारी नकाशावरच्या मोकळ्या भागात) जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. त्याहून जवळ परवानगी लागते. चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेडच्या विमानतळांच्या आसपासच्यांनी सरकारी पोर्टलवरचा नकाशा उघडून आपलं शेत नेमकं कुठे येतं ते बघावं, नोंदणीचं काय लागतं तेही तिथेच तपासावं. पैठणला जायकवाडीच्या फुगवट्यावर मोकळी सपाट जागा मोहात पाडते, पण ते पक्षी अभयारण्य आहे. देवगिरी, वेरूळ, अजिंठ्याच्या आसपास विचारही नको.

सोयाबीन निघाल्यावरचं रान उत्तम, माती भुसभुशीत आणि काड आखूड. ज्वारी काढलेलं रान टाळा, धसकटं फोममध्ये सुरीसारखी घुसतात. पऱ्हाटी उभी असलेल्या वावरात विमान पडलं तर शोधायलाच अर्धा तास जातो. गावाचं गायरान मिळालं तर गुरं सुटायच्या आधीची वेळ साधा.

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी सर्वांत चांगल्या. हवा स्थिर असते आणि दाटही. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशाला हवा डिसेंबरच्या सकाळपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ होते. प्रॉपचा जोर तेवढा घटतो आणि स्टॉलचा वेग पाच टक्क्यांनी वाढतो. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे, पण ४२ अंशाला तिथली हवा १७०० मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. म्हणजे विमानाच्या लेखी धावपट्टी कळसूबाईच्या शिखराच्याही थोडी वर. खऱ्या कॅनार्ड विमानांना हे जास्त टोचतं, कारण एलेव्हेटर पुढे असल्याने त्याला पंख्याचा झोत मिळत नाही. नुसत्या धावण्याच्या वेगावर नाक उचलावं लागतं, आणि धाव लांबते. शिवाय उन्हाळ्यात सकाळी दहानंतर वावटळी उठतात. घारी एका जागी गोल फिरत वर चढताना दिसल्या की समजा तिथे हवा उसळतेय, आणि तुमचं ६०० ग्रॅमचं विमान कसरतीच्या मध्यावर तिथे नेऊ नका.

हिवाळ्यात एक पथ्य आहे. गवतावरून उचललेल्या विमानाच्या कॅनार्डवर दव आणि काळ्या मातीचे शिंतोडे असतात. ते पुसूनच उडवा. व्हॅरीईझी आणि सुरुवातीच्या लाँग-ईझीच्या कॅनार्डचा आकार इतका नाजूक होता की पाऊस लागला की उचल घटून नाक खाली जायचं. नंतर जॉन राँझ यांनी आखलेला नवा आकार आला तेव्हा ती तक्रार मिटली. आपल्या पायरीच्या पंखाला एवढा त्रास नाही, पण पुढच्या कडेला चिखलाची रेघ असेल तर स्टॉल लवकर होतो.

मोटर बंद ठेवून पहिली फेक

प्रॉप काढून ठेवा आणि तेवढंच वजन मोटरवर टेपने बांधा. वाऱ्याच्या समोर, खांद्याच्या उंचीवरून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, सरळ आणि जोरात. हळू फेकलं तर काहीच कळत नाही. या विमानाला उडायला ताशी ३० किमीच्या पुढे वेग लागतो, म्हणजे दोन पावलं धावत जाऊन दगड भिरकावतो तसं सोडावं लागतं. समोर मऊ रान असावं. मित्राला बाजूने मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा आणि तो तिथेच बघा.

सरळ उतरत गेलं तर उत्तम. नाक वर, खाली, वर, खाली करत गेलं तर पुढचा पंख स्टॉल होऊन सावरतोय. एलेव्हेटर एक मिमी वर घ्या, म्हणजे नाक थोडं खाली बसेल. नाक वर राहून शेपूट आधी बसली तर व्हिडिओत नीट दिसतं: कॅनार्ड क्षितिजाच्या वर रोखलेला आणि विमान पुढे जायचं सोडून खाली येतंय. बॅटरी पुढे सरकवा आणि काट्यावर परत जा. ट्रिम करून (पट्टीची मधली जागा बदलून) हा दोष झाकायचा प्रयत्न करू नका.

मोटरसह

मागे फिरणारा प्रॉप आणि हाताने फेकणं हे जोडीने धोकादायक आहे. विमान बॉडीखाली, सीजीच्या जवळ धरा, हाताचा मार्ग प्रॉपच्या वाटेत येणार नाही असा. आधी फेका, मगच थ्रॉटल (मोटरचा जोर). फेकणारा एक आणि रिमोटवाला दुसरा असेल तर सर्वांत बरं, आणि "सोडलं" हा शब्द ऐकू आल्याशिवाय थ्रॉटल हलवायचा नाही. सोडल्यावर लगेच नाक वर ओढू नका. पहिली शंभर फूट जमिनीलगत वेग घेऊ द्या.

६० मीटर उंचीवर गेल्यावर पहिलं काम: थ्रॉटल पूर्ण बंद, स्टिक हळूहळू मागे. नाक वर जाईल, एका क्षणी मान टाकेल, पुन्हा उठेल. स्टिक पूर्ण मागे धरूनही विमान असं डुलत, पंख सपाट ठेवून उतरत राहिलं तर तोल बरोबर आहे. डुलणं न होता विमान नाक वर ठेवून खाली बसायला लागलं तर लगेच स्टिक पुढे आणि पूर्ण थ्रॉटल, आणि त्या दिवशी कसरत नाही. हे डुलणं मनासारखं होईपर्यंत पुढचा भाग वाचायचीही घाई नको.

लँडिंगला फ्लॅप नाहीत, विमान गुळगुळीत आहे, तरंगत जातं. लांबून, सपाट या. जमिनीजवळ जास्त ओढलं तर कॅनार्ड स्टॉल होऊन नाक आधी टेकतं.

कामगिरी मोजा

लोक "झक्कास पळतंय" म्हणतात, आकडा कोणाकडे नसतो. बांधावर १०० मीटर अंतरावर दोन झेंड्या रोवा. अर्ध्या थ्रॉटलवर एकदा वाऱ्यासोबत, एकदा वाऱ्याविरुद्ध, एकाच उंचीवरून. वेळ व्हिडिओतून काढा. समजा जाताना ५ सेकंद आणि येताना ८. वेग २० आणि १२.५ मीटर प्रति सेकंद, सरासरी १६.२५, म्हणजे ताशी ५८.५ किमी. २०० मीटरला १३ सेकंदांनी भागून १५.४ काढणं चूक आहे, कारण वाऱ्याविरुद्ध विमान जास्त वेळ घालवतं आणि उत्तर खाली ओढतं.

इंधनाचा हिशोब आणखी सोपा. पाच मिनिटं एकाच थ्रॉटलवर उडा, उतरा, आणि चार्जर बॅटरीत किती एमएएच परत भरतो ते लिहा. तीन-चार थ्रॉटलवर हे केलं की कोणत्या वेगाला एका किलोमीटरला सर्वांत कमी वीज लागते ते दिसतं. हौशी लोक इथे थांबत नाहीत, मोटरचा सांगाडा टेपने गुळगुळीत करतात, सर्व्होचे हात आत घेतात आणि पुन्हा मोजतात. लाँग-ईझीवाल्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं हाच धंदा केला आहे.

कसरती

आता एक सूत्र लक्षात ठेवा. तुमचा वेग भागिले स्टॉलचा वेग, त्याचा वर्ग, एवढे जी विमान जास्तीत जास्त ओढू शकतं. आपल्या विमानाचा स्टॉल सुमारे ८.२ मीटर प्रति सेकंदाला. १६ च्या वेगाला चारच्या आतच जी मिळतील, २५ ला नऊच्या वर. त्यापुढे कितीही स्टिक ओढली तरी कॅनार्ड स्टॉल होतो आणि वळण थांबतं. हा कॅनार्डचा चांगुलपणा: तो पंखाला वाचवतो. आणि हीच अडचण: लूपच्या वरच्या टोकाला, जिथे वेग मरतो, तिथे तो नाक फिरवायला नकार देतो.

म्हणून रोल आधी, लूप नंतर. रोलसाठी सुमारे १८ मीटर प्रति सेकंद वेग, नाक २० ते २५ अंश वर, स्टिक मध्यावर आणा, मग एलेरॉन पूर्ण. स्टिक मागे ओढलेली ठेवूनच एलेरॉन दिला तर विमान डबा घसरल्यासारखं बाजूला जातं, म्हणून मध्यावर आणणं महत्त्वाचं. उलटं झाल्यावर नाक खाली येणारच. आधी वर केलेलं नाक त्यासाठीच. उलट्या स्थितीत एलेव्हेटरने सावरायला जाऊ नका. २ अंशांचा कोन सरळ उडण्यासाठी दिलेला आहे, उलटं उडण्यासाठी नाही.

लूपसाठी ८० मीटर उंची. पूर्ण थ्रॉटल, उथळ सूर, वेग २५ च्या आसपास. मग स्टिक निम्मी मागे, एका दमात. झटका नको आणि भीतीने अर्धवटही नको. मोटर बंद ठेवून एकसारख्या गोलाईचा लूप मारायचा तर कोणत्याही विमानाला तळाशी ६ जी लागतात. मोटर चालू असेल तर कमी पुरतात, म्हणून वरच्या टोकापर्यंत थ्रॉटल पूर्ण ठेवा. वर नाक क्षितिजाखाली येताना दिसलं की थ्रॉटल बंद. खाली येताना हे गुळगुळीत विमान फार झपाट्याने वेग घेतं, आणि बहुतेक तुटलेले पंख लूपच्या वर नाही, बाहेर पडताना घाईने ओढल्यामुळे तुटतात. खऱ्या कॅनार्ड विमानांतही कसरतींचा मोठा धोका हाच मानतात: नाक खाली गेलं की वेग मर्यादेच्या पार जायला वेळ लागत नाही.

लूप अर्ध्यावर मेला आणि विमान नाक आकाशाकडे करून थांबलं तर थ्रॉटल तसाच पूर्ण ठेवा, एलेरॉन पूर्ण एका बाजूला आणि स्टिक पुढे. बाजूला पडू द्या. सरळ मागे घसरू देणं हा डीप स्टॉलचा राजमार्ग.

स्टॉल टर्न, म्हणजे उभं चढून वेग संपताना बाजूला वळून खाली येणं, या विमानाला जमत नाही. रडर (फिनची हलती पट्टी) नाही, आणि पंख्याचा झोत फिनवर जात नाही, त्यामुळे उभ्या अवस्थेत वळवायला काहीच हाताशी राहत नाही. स्पिन (स्टॉल होऊन गोल फिरत पडणं) मुद्दाम घालायचाच नाही. पुढे तोल असलेलं कॅनार्ड सहज स्पिनमध्ये जात नाही, पण तोल मागे असलेलं गेलं तर सपाट फिरत खाली येतं आणि रेडिओवर तुम्ही फक्त बघत राहता.

प्रत्येक कसरतीच्या सत्रानंतर बॅटरी काढायच्या आधी ती खाचेत सरकली का ते बघा, कॅनार्डचा साडेतीन मिमीचा फरक पुन्हा मोजा आणि मोटर बसवलेल्या प्लायवूडभोवती हॉट ग्लू सुटलाय का ते नखाने चाचपा. उन्हात हॉट ग्लू मऊ पडतो, एप्रिलनंतर तिथे इपॉक्सीच लावा. आणि लिपो बॅटऱ्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, पाण्याच्या जारजवळ सावलीत ठेवा.